यशवंतराव चव्हाण : बंदोबस्ताच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस



१२ मार्च जवळ आला की आपल्या शाळांमध्ये यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीची भाषणं पाठ करणं सुरू होतं. देवराष्ट्रे गाव, लहानपणीची गरिबी, आई विठाई, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग देशाचे संरक्षणमंत्री. पाच मिनिटांत भाषण संपतं, टाळ्या वाजतात. त्यात चुकीचं काही नाही, पण मुलांच्या हाती फारसं काही लागतही नाही. म्हणून या वेळच्या पाठनिबंधात यशवंतरावांचं सगळं चरित्र न सांगता त्यातला एकच धागा धरून पुढे जाऊ या. तो धागा आहे मोर्चा आणि पोलीस यांचा.

हा धागा का, तर आपण नागपूरकर. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की शहराचा अर्धा नकाशाच बदलतो. आमच्या नंदनवनातून सीताबर्डीकडे जायचं म्हटलं तर घरून तासभर आधी निघावं लागतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात. बॅरिकेड, दोर, लाठ्या, निळ्या गाड्या. मुलं व्हॅनच्या खिडकीतून हे सगळं बघतात आणि वर्गात येऊन विचारतात की हे लोक कोण, ह्यांना का अडवलं, पोलीस कोणाच्या बाजूचे. आपण बहुतेक वेळा पुस्तक उघडायला सांगून मोकळे होतो. या प्रश्नांना उत्तर देण्यासारखं एक आयुष्य आपल्या अभ्यासक्रमातच आहे, ते असं.

यशवंतरावांचा जन्म १९१३ चा, आजोळी, देवराष्ट्रे इथे. तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. प्लेगच्या साथीत ते गेले तेव्हा यशवंत अगदी लहान होता. मोठ्या भावांनी आणि आईने घर ओढलं. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. तेव्हाचं कराड म्हणजे चळवळीने तापलेलं गाव. २६ जानेवारी हा तेव्हा आपला प्रजासत्ताक दिन नव्हता हे मुलांना आवर्जून सांगा. १९३० पासून काँग्रेस तो स्वातंत्र्यदिन म्हणून पाळत होती आणि तो पाळणं सरकारच्या लेखी गुन्हा होता. १९३२ च्या २६ जानेवारीला झेंडा लावल्याबद्दल हा शाळकरी मुलगा पकडला गेला आणि अठरा महिन्यांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. आज त्याच तारखेला आपण शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभं करतो, पाहुण्यांच्या हस्ते झेंडा फडकवतो आणि कोपऱ्यात पोलीस काका उभे असतात. तारीख तीच, समारंभही जवळपास तोच, फक्त पोलिसाचं काम उलटं झालं.

इथे आईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलगा कोठडीत असताना विठाई त्याला भेटायला गेल्या, बरोबर शाळेतले एक शिक्षक होते. शिक्षकांनी चांगल्या मनाने सुचवलं की माफी मागितली तर सुटका होईल. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माउलीने ते तिथल्या तिथे धुडकावलं. माफीची भाषा नको, मुलाने तब्येत सांभाळावी, एवढंच तिचं सांगणं. पालकसभेत ही गोष्ट मी नेहमी सांगते. आणि आपण शिक्षकांनी त्या शिक्षकांना वाईट ठरवायची घाई करू नये. विद्यार्थी तुरुंगात सडू नये असं वाटणारा मास्तर काही शत्रू नसतो.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए., पुण्यातून वकिली, १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी लग्न. लग्नाला तीन महिने व्हायच्या आत छोडो भारत आंदोलन पेटलं आणि यशवंतराव भूमिगत झाले.

आता हा भाग नीट वाचा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. सातारा जिल्ह्यात ठरलं असं की हजारो लोकांनी, हातात शस्त्र न घेता, तालुक्याच्या मामलेदार कचेरीवर चालत जायचं आणि तिथे तिरंगा लावायचा. हे मोर्चे उभे करणाऱ्यांत यशवंतराव पुढे होते. २४ ऑगस्टला कराडला मोर्चा निघाला. पुढारी उंडाळ्याचे बाळकृष्ण पाटील. पोलिसांनी त्यांना पकडलं, लोक शांतपणे परतले. ३ सप्टेंबरला तासगाव. तिथे गर्दी थेट कचेरीत गेली आणि मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. मुलांना हा प्रसंग फार आवडतो! पण ९ सप्टेंबरला वडूजमध्ये काय झालं? मोर्चा तसाच, लोक तसेच शेतकरी, हातात तसाच झेंडा. तिथे गोळ्या सुटल्या. झेंडा धरलेले परशुराम घार्गे पडले. वडूजचे हुतात्मे नऊ. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला.

एकाच जिल्ह्यात, सतरा-अठरा दिवसांत, एकाच प्रकारचे मोर्चे. एका ठिकाणी अटक, एका ठिकाणी टोपी, दोन ठिकाणी मुडदे. गर्दीत फरक नव्हता, समोरच्या अधिकाऱ्यात होता. समोरच्याने काय ठरवलं त्यावर माणसं घरी गेली किंवा गेली नाहीत. त्यानंतर साताऱ्यात कचेऱ्यांवर मोर्चे नेणं थांबलं आणि चळवळ जमिनीखाली गेली. यशवंतरावांच्या घराला याची झळ बसली. १९४३ च्या संक्रांतीच्या सुमारास वेणूताईंना पोलिसांनी नेलं, त्याच काळात थोरले भाऊ ज्ञानोबा वारले, आणि मे महिन्यात यशवंतराव स्वतः फलटणला पकडले गेले. ज्यांना आपण मोर्चाला बोलावलं त्यांतले काही परत आले नाहीत, हे ओझं घेऊन हा माणूस पुढे राजकारणात आला. असं मला त्यांचं चरित्र वाचताना वाटतं, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

१९४६ ला ते निवडून आले आणि मुंबई सरकारात गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या पोलिसांपासून लपत होते, त्याच खात्याच्या फायली टेबलावर. पुढे मंत्री झाले.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. हा विषय आपल्याकडे विदर्भात जरा जपून शिकवावा लागतो, कारण इथे वेगळ्या विदर्भाची मागणीही तितकीच जुनी आहे, आणि वर्गातल्या मुलांच्या घरी दोन्ही मतं असतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर सही करणाऱ्यांत यशवंतराव होते. आपल्या शहरात दरवर्षी अधिवेशन भरतं त्याचं मूळ या करारात.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत विधानसभेकडे निघालेला मोर्चा फ्लोरा फाउंटनजवळ अडवला गेला आणि गोळीबारात पंधरा माणसं मेली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा आठवडाभर गोळीबार. लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या १०६ सांगितली जाते, फ्लोरा फाउंटनचा चौक हुतात्मा चौक झाला तो यांच्यामुळे. या सगळ्या काळात यशवंतराव कुठे होते? ते काँग्रेसमध्येच राहिले. डिसेंबर १९५५ मध्ये फलटणच्या सभेत त्यांनी नेहरूंचं नेतृत्व आणि संयुक्त महाराष्ट्र यांत नेहरूंना वरचं स्थान दिलं. लोक भयंकर चिडले. जयंतीच्या भाषणांत हे वाक्य कधी येत नाही, पण यायला हवं. ज्या माणसाला पुढे महाराष्ट्राचा शिल्पकार म्हटलं, त्याला तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावी शिव्या पडत होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात, मराठवाडा आणि आपला विदर्भ धरून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. त्या दिवसापर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. नव्या राज्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव, वय त्रेचाळीस. पुढच्याच वर्षी निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला झोपवलं. स्वतः मुख्यमंत्री कराडातून जेमतेम निवडून आले.

आणि अशा वेळी आलं प्रतापगडचं निमंत्रण.

चौथीच्या परिसर अभ्यासात आपण प्रतापगड शिकवतो, अफजलखानाचा प्रसंग शिकवतो. त्याच गडावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला. अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ ला, हस्ते पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. समितीचं म्हणणं असं की ज्यांनी मुंबई महाराष्ट्राला नाकारली त्यांनी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करावं हे कसं? शिवाय नेहरूंनी पूर्वी आपल्या लेखनात महाराजांबद्दल जे लिहिलं होतं त्याचाही राग होता. समितीने निदर्शनांची हाक दिली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, भाई माधवराव बागल, उद्धवराव पाटील, जयंतराव टिळक अशी त्या वेळची सगळी मोठी मंडळी त्यात होती. वाईच्या बाजूने पसरणी घाटात आणि कोकणाच्या बाजूने पोलादपूरला हजारो माणसं काळे झेंडे घेऊन जमली.

तुम्ही पसरणी घाट पाहिला असेल तर डोळ्यांसमोर आणा. वाईहून पाचगणीकडे चढणारा, वळणावळणाचा रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी. रस्ता अरुंद, त्यातून पंतप्रधानांचा गाड्यांचा ताफा जाणार, आणि कडेला चिडलेली हजारो माणसं. पळायला जागा नाही, मागे सरकायलाही जागा नाही. अशा ठिकाणी लाठी उगारली किंवा एक बार हवेत काढला तरी चेंगराचेंगरी होऊन लोक दरीत पडले असते. दुसरीकडे कोणी दगड मारून पंतप्रधानांना इजा केली असती तर दिल्लीने मराठी माणसाची मागणी कायमची बासनात गुंडाळून ठेवली असती. राज्याचे मुख्यमंत्री म्हणून दोन्हीची जबाबदारी एका माणसावर येणार होती.

सरकारी पक्षाकडून निदर्शनं होऊ नयेत म्हणून प्रयत्न झालेच, ते लपवायचं कारण नाही. पण शेवटी झालं असं की माणसं घाटात पोचली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, काळे झेंडे दाखवले, घोषणा दिल्या, आणि ताफा त्यांच्यामधून वर गेला. गोळीबार झाला नाही. गडावर अनावरण ठरल्याप्रमाणे झालं. फ्लोरा फाउंटनला दोनच वर्षं झाली होती, राग तोच होता, किंबहुना वाढलेला होता, तरी त्या दिवशी हुतात्म्यांच्या यादीत एकही नाव वाढलं नाही.

यात श्रेय एकट्या यशवंतरावांचं नाही. एसेम शांततेच्या मार्गाबद्दल फार काटेकोर होते, आणि समितीच्या पुढाऱ्यांनी माणसं हाताळली नसती तर पोलीस कितीही शहाणे असते तरी उपयोग नव्हता. निदर्शक आणि बंदोबस्त दोघांनी मिळून तो दिवस पार पाडला, असं म्हणणं जास्त बरोबर. पण लाठी-बंदुकीची चावी सरकारकडे असते आणि ती न वापरण्याचा निर्णय सरकारलाच घ्यावा लागतो. वडूज ज्याला माहीत होतं त्याला पसरणी घाटात काय होऊ शकतं ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता बंदोबस्ताचं काम काय असतं ते मुलांना समजावताना मी फळ्यावर दोन चित्रं काढते. पहिल्यात रस्ता आडवा बंद, पलीकडे इमारत, अलीकडे गर्दी. दुसऱ्यात रस्ता उभा मोकळा आणि दोन्ही कडांना माणसं. पहिल्या चित्रात गर्दीला पाहुणे दिसत नाहीत, पाहुण्यांना गर्दी दिसत नाही, मागचे पुढच्यांना रेटत राहतात आणि पुढच्यांना जागाच नसते. दुसऱ्यात पाहुण्यांना प्रत्येक झेंडा दिसतो. नेहरूंना त्या दिवशी घाट चढताना महाराष्ट्राचा राग मैलभर दिसत राहिला. मुंबईतल्या कितीतरी निवेदनांनी जे झालं नसतं ते त्या रस्त्याने केलं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. समारंभ उधळला गेला असता तर हे झालं नसतं, आणि निदर्शक वाईच्या अलीकडेच गाड्यांत कोंबले असते तरीही नाही.

पहिल्या चित्राबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशनावर आलेला गोवारी समाजाचा मोर्चा, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, संध्याकाळची वेळ. दिवसभर ताटकळलेले लोक, बहुतेक बायका आणि लेकरं, समोर अडथळे, लाठीमार आणि चेंगराचेंगरी. ११४ जीव गेले. निवेदन घ्यायला सरकारतर्फे वेळेत कोणी आलं नाही, हा आक्षेप तेव्हापासून आजपर्यंत आहे. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलालाही शहीद गोवारींचं नाव आहे. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या किती मुलांना हे नाव कशाचं ते माहीत असतं? यशवंतरावांना जाऊन तेव्हा दहा वर्षं व्हायला दोन दिवस कमी होते.

परत १९५७ कडे. प्रतापगडावर सगळं छान झालं आणि यशवंतराव म्हणजे आदर्श, असं समजून इथेच थांबलो तर आपणही जयंतीचं भाषणच केलं असं होईल. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, अहमदाबादला महागुजरात आंदोलनाच्या लोकांनी गोळीबारात मेलेल्यांचं एक स्मारक काँग्रेस कार्यालयासमोर उभं केलं. इंदुलाल याज्ञिक त्यांचे पुढारी. १२ ऑगस्टला ते स्मारक हटवलं गेलं, शहर पेटलं आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. मुख्यमंत्री यशवंतरावच होते. या गोळीबाराची चौकशी न्यायमूर्ती कोतवाल यांच्या आयोगाकडे द्यावी लागली. ज्याला घाट जमला त्याला अहमदाबाद का जमलं नाही? अंतर, भाषा, माणसं ओळखीची नसणं, दगडी स्मारकाला हात लावला की लोकांच्या काळजाला हात लागतो हे न उमगणं. माझ्या मते यांतलं शेवटचं कारण सगळ्यात मोठं. आठवी-नववीच्या वर्गांना हा प्रश्न जरूर द्या, लहानांना नको.

द्विभाषिक टिकणार नाही हे मग दिल्लीलाही पटत गेलं. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना विभाजनाचा विचार पुढे सरकला. ३० एप्रिल १९६० च्या मध्यरात्री मुंबईच्या राजभवनात महाराष्ट्र राज्य जाहीर करणारा समारंभ झाला. हस्ते पुन्हा नेहरू, शेजारी पुन्हा यशवंतराव. घाटातल्या काळ्या झेंड्यांना अडीच वर्षंही झाली नव्हती.

१९६२ च्या चीन युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. कमी सांगितली जाते ती पुढची. ७ नोव्हेंबर १९६६ ला गोहत्याबंदीच्या मागणीसाठी दिल्लीत संसदेवर प्रचंड मोर्चा गेला, हिंसाचार झाला, गोळीबार झाला, लोक मेले. गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांना जावं लागलं आणि त्या जागी १४ नोव्हेंबरला यशवंतरावांना आणलं गेलं. म्हणजे एका मोर्चाचा बंदोबस्त फसला म्हणून ते देशाचे गृहमंत्री झाले. आणि गंमत बघा, १९६७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचे पोलीसच आपल्या मागण्या घेऊन आंदोलनाला उतरले! आता पोलिसांच्या मोर्चाला कोणी अडवायचं? मुलं यावर हमखास हसतात, पण पोलिसालाही पगार, ड्युटीचे तास, घर असतं हे त्यांना इथे सहज कळतं. वर्गात एखाद्याचे बाबा पोलीस खात्यात असतात. अधिवेशनाच्या बंदोबस्तात ते दोन-दोन दिवस घरी येत नाहीत. त्या मुलाला या वेळी बोलू द्या.

पुढची पदं मी भरभर सांगते: अर्थ, परराष्ट्र, १९७९ मध्ये उपपंतप्रधान. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या आणि ते आतून मोडले. आपल्या तरुणपणापर्यंतची हकीकत त्यांनी ‘कृष्णाकाठ’ मध्ये लिहिली आहे, शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर मागवून घ्या. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. समाधी कराडला प्रीतिसंगमावर आहे, कृष्णा-कोयनेच्या भेटीच्या जागी.

वर्गात घ्यायचं असेल तर महाराष्ट्राच्या नकाशावर आधी कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर शोधायला लावा, मग वाई, पसरणी घाट, पोलादपूर, प्रतापगड. सगळी गावं एका वितीत बसतात, मुलांना याचं आश्चर्य वाटतं. मग नागपूरचा नकाशा काढून यशवंत स्टेडियमपासून विधानभवनापर्यंत बोट फिरवायला सांगा. दोन गट करा, एक मोर्चाचा, एक बंदोबस्ताचा, आणि मध्ये रस्ता. अर्ध्या तासाने गट बदला. माझ्या वर्गात पहिल्या फेरीत पोलीस झालेली मुलं फार जोरात ओरडत होती, दुसऱ्या फेरीत मोर्चातून परत येऊन पोलीस झालेली मुलं आधी विचारत होती की तुमचं निवेदन कोणाला द्यायचं आहे.